म्हादू, तू मान का हलवलीस?

म्हादू,

आता तुझ्यावर ओरडायला मला कोणाची आडकाठी नाही. तू असतास तर नेहमीसारखा हसत उठून ओटीवर गेला असतास आणि तिथून म्हणाला असतास, "आक्का, तुजं झालं का हाक मार, मी जेवाया येतो." माझं झालं नाही रे. माझं आता कुठे सुरू झालंय. परवा माहेरी, कापड्याला जाऊन आयेला भेटून आले, आणि तेव्हापासून घरात कोणाशी धड बोलवत नाही. मास्तर म्हणाले, "माणसांशी बोलवत नसेल तर कागदाशी बोल." लग्न होऊन मी त्यांच्या घरी महाडात आले तेव्हा त्यांनीच मला अक्षरं शिकवली, त्यामुळे कागद हे सगळ्यावरचं औषध आहे असं त्यांना वाटतं. बघू, लागू पडतंय का.

तू हिवतापानं गेलास. माझ्याच ओटीवर, माझ्याच गोधडीत. बाहेर अजून तिरडी बांधत होते, आणि दारात उभ्या असलेल्या दोघींतली एक दुसरीला म्हणाली, "पितो त्याला ताप झेपत नाही. आतून पोखरलेला असतो." मी तुझ्या उशाशी बसले होते. वाटलं उठावं आणि तिच्या झिंज्या धराव्यात. उठले नाही. तुला शेवटचं पाणी घालायचं होतं, आणि शिवाय तुझी शपथ होती.

तू जन्मात दारूचा थेंब घेतला नाहीस. हे मला ठाऊक होतं, मास्तरांना ठाऊक होतं, बंदरावरच्या झाडून सगळ्या हमालांना ठाऊक होतं. आयेला मात्र ठाऊक नव्हतं. आणि खरं सांगायचं तर बाकी जगाला ठाऊक असून नसून काय उपयोग? कळायला हवं होतं ते तिलाच.

आपला बाप पिऊन ओढ्यात पडला आणि सकाळी सापडला, तेव्हा तुला मिसरूडही फुटलं नव्हतं. त्याचे दिवस झाल्यावर आयेनं तुला गावदेवीच्या पायरीशी उभं केलं आणि बेलभंडारा उचलायला लावला. मी मागे होते. तू उजवा हात पुढे केलास, आणि ती सांगेल तसं म्हणालास, "या हातानं दारूला शिवनार नाय." आये तेव्हा रडली नाही, बापासाठीही नाही. तुझा हात मात्र तिनं दोन्ही हातांत धरून ठेवला होता. परतताना तू मला म्हणालास, "हाताचं ठीक हाय गो, पन हिनं तोंडाची शपथ नाय घेतली." मी तुला चापट मारली होती. असला होतास तू. देवीच्या दारातून निघालो नाही तोवर तुझी थट्टा सुरू.

पुढे तू आणि शेजारचा दगडू, दोघं बंदरावर कामाला आलात. पावसाळाभर बंदर बंद, तेव्हा गावी लावणी. पाणी निवळलं, मालाचे पडाव ये-जा करायला लागले की महाडला. तू माझ्याकडे राहायचास, दगडू हमालांच्या खोपटात. एकदा मास्तरांना आणि मला तू बंदर दाखवायला नेलंस. एखाद्यानं आपली बैलजोडी दाखवावी तशी ओझी उचलायची यारी दाखवलीस. धक्क्याच्या कडेला रोवलेला लोखंडी खांब, वर कप्पी, तिच्यातून लोंबणारी साखळी आणि आकडा. खाली एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाकं, आणि दोन्ही बाजूंना एकेक दांडा. एका दांड्याशी तू, दुसऱ्याशी दगडू. एकानं "हां?" विचारायचं, दुसऱ्यानं "हां" म्हणायचं, मगच दांडा फिरवायचा. सकाळी काम सुरू करण्याआधी तुम्ही दोघं त्या चाकाला हात लावून कपाळाला लावायचात. दसऱ्याला त्याला झेंडूची माळ आणि नारळ. मास्तरांनी विचारलं, "हे सगळं उघडंच? वर झाकण नाही?" तू म्हणालास, "झाकलं तर पाया कुनाच्या पडायचं, मास्तर?" आपण सगळे हसलो होतो.

त्या बंदरावर हमालांची बोटं मोजायला बसलं तर माणशी दहा भरायची नाहीत. कोणाचं आकड्यात सापडलेलं, कोणाचं साखळीखाली चेंगरलेलं, कोणाचं ओंडका घरंगळून चपटं झालेलं. तुम्ही त्याची चेष्टा करायचात. ज्याचं करंगळीवर भागलं त्याला नशीबवान म्हणायचात. मला ती चेष्टा कधीच आवडली नाही, पण तुझा हात धड होता तोवर मी फारसं बोलले नाही.

त्या दिवशी घाटाखालून गाड्यांनी आलेले सागाचे ओंडके पडावात चढवायचे होते. ओहोटी लागली होती. पाणी उतरलं की पडाव चिखलात बसणार, म्हणून मुकादम घसा फोडून ओरडत होता. ओंडक्याला साखळीचा फास बसला, तू दांडा धरायला पुढे झालास, आणि धक्क्याच्या ओल्या दगडावरून तुझा पाय घसरून चाकाला लागला. आता पाय लागला की काय होतं, हे आपल्या माणसाला सांगायला नको. सुपाला लागो, धान्याला लागो, दुसऱ्याच्या अंगाला लागो, आपला हात आपोआप खाली जातो. शिवायचं आणि कपाळाला लावायचं. त्यात विचार नसतो. विचार असता तर तुझा हात वाचला असता. तू वाकलास, चाकाला शिवलास, आणि चाक फिरलं. साखळी अजून सैल होती, एकाच दांड्याच्या जोरावर ते वीतभर सहज फिरलं. वीतभर पुरलं.

मला ओळीनं हे सगळं तूच सांगितलंस, पण नंतर. आधी मी ऐकलं ते सगळ्या गावानं ऐकलं तेच, की पिऊन चाकात हात घातला. मुकादमाच्या खोपटात बाटली असायची. त्या भल्या माणसानं ती आणून अर्धी तुझ्या हातावर ओतली आणि अर्धी तुझ्या तोंडात. तोंडातली तू थुंकलीस. अशा कळा येत असताना तुला बेलभंडारा आठवला, हे आठवलं की मला तुझा अभिमान वाटावा की तुला बडवावं, अजून कळत नाही. पण अंगाला, सदऱ्याला वास लागायचा तो लागलाच. दवाखान्यात डॉक्टरांनी चारही बोटं काढली, अंगठा तेवढा ठेवला. वखारवाल्यांचा एजंट तिथे आला, नाकाला रुमाल लावला आणि म्हणाला, "हे असं आहे होय!"

हात सुकल्यावर त्यानं तुला कचेरीत बोलावलं. मास्तर मुद्दाम शाळेतून सुटी घेऊन तुझ्याबरोबर आले. कामावर इजा झालेल्या मजुराला भरपाई द्यायचा कायदा झालाय, हे त्यांनी वर्तमानपत्रात वाचलं होतं. प्यायलेल्या माणसाला तो लागू नाही, हेही वाचलं होतं. एजंटानं एकच गोष्ट विचारली, "प्यायला होतास का?" मास्तर सांगतात, त्यांनी तुझ्या दंडाला हात लावून, नाही म्हण, असं खुणावलं. आणि तू मान हलवलीस. होय म्हणून.

मास्तर घरी आले ते चपला न काढता आत आले. इतकं चिडलेलं त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. "तुझ्या भावानं स्वतःच्या हातानं स्वतःला बुडवलं," म्हणाले, आणि मग हात हा शब्द तोंडातून निघाला म्हणून खाली मान घालून बसले.

कापड्याला बातमी तुझ्याआधी पोचली. आणि गावानं तिचा अर्थ लावायला क्षणभरही घेतला नाही. ज्या हातानं बेलभंडारा उचलला तोच हात गेला, म्हणजे शपथ मोडलीच. याहून सरळ हिशेब कोणता? आयेनं तुला विचारलंसुद्धा नाही. देवीनं सांगितल्यावर पोराला काय विचारायचं? तू शिमग्याला गेलास तेव्हा तिनं तुला वाढलं, पण तू भरून आणलेल्या कळशीतलं पाणी ती प्याली नाही. तू डाव्या हातानं जेवायला लागलास की ती चुलीकडे तोंड फिरवायची. तुझ्याशी बोलायचं झालं तर ती भिंतीशी बोलायची. "जेवायचं असंल त्यानं जेवावं." तू जेवायचास.

मला तू खरं सांगितलंस ते कचेरीतून आल्यावर, मागच्या पडवीत. पाय लागला, वाकलो, चाक फिरलं. मी म्हटलं, "मग हेच सांगायचं होतंस! मान कशाला हलवलीस?" तू म्हणालास, "यंत्राच्या पाया पडत व्हतो म्हनलं असतं तर एजंट हसला असता." मी म्हटलं, "हसला असता तर हसला असता. हसण्यानं काय तुझी आणखी बोटं गेली असती?" तू नुसता हसलास. मी उठले, आताच्या आता आयेला जाऊन सांगते म्हटलं, तेव्हा मात्र तुझं हसू गेलं. तू माझा हात धरून स्वतःच्या गळ्यावर ठेवलास. "माज्या गळ्याची शपथ हाय तुला. आयेला बोलायचं नाय."

तिथपासून आपलं हे भांडण चालू होतं. आठवतंय ना? दर शिमग्याला, दर गणपतीला, तू कापड्याहून परत आलास की मी तुझं तोंड बघायची आणि पुन्हा सुरू करायची. कसली लाज रे तुला? कोणाच्या हसण्याला भितोस? आई तुझ्या हातचं पाणी पीत नाही आणि तुला एजंटाची पडलीय? तू कधी विषय बदलायचास, कधी मुकाट्यानं भात कालवायचास, डाव्या हातानं, आधी सांडत, मग सराईतपणे. एकदा तर म्हणालास, "आक्का, तू वकील व्हायची ती चुकून बाई झालीस." मी तीन दिवस बोलले नव्हते तुझ्याशी.

आणि आये तिकडे दगडूचे पोवाडे गात होती. आपल्या खाचरात नांगर दगडूनं धरला, चिखल दगडूनं केला, पावसाळ्याआधी कौलं दगडूनं चाळली, लाकडं दगडूनं फोडली. "देवानं असला एक लेक मला द्यायचा व्हता," हे ती तुझ्यासमोर म्हणायची. माझ्यासमोर तर म्हणायचीच. मला राग यायचा. तुला येत नसे. तू म्हणायचास, "खरंच हाय की. चांगला हाय दगड्या." मला वाटायचं, काय हा माझा भाऊ, याला जरासुद्धा काही टोचत नाही.

एक गोष्ट तू केलीस ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. वखारीच्या राखणीचं काम मिळालं तेव्हा तू घासलेटच्या रिकाम्या डब्यांचे पत्रे जमवलेस आणि डाव्या हातात हातोडी धरून यारीच्या चाकांवर बसेल असं झाकण ठोकून काढलंस. कितीदा अंगठ्यावर मारून घेतलंस ते मला माहीत आहे, हळद मीच लावत होते. झाकण बसवलंस, आणि दुसऱ्या दिवशी हमालांनी ते काढून ठेवलं. चाक झाकलं तर नमस्कार कुठे करायचा? तू पुन्हा बसवलंस, त्यांनी पुन्हा काढलं. शेवटी तू घरातून माझा कुंकवाचा करंडा घेऊन गेलास आणि झाकणावरच मोठा टिळा लावलास. "आजपासनं देव हितं ऱ्हातो," म्हणालास. आणि काय सांगू, त्या दिवसापासून कोणी झाकणाला हात लावला नाही, म्हणजे लावला तो नमस्काराला. गाव ज्याला पिताड्या म्हणतं त्याच्या झाकणाच्या हमाल पाया पडतात, हे तू मला सांगितलंस आणि आपण दोघं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो. त्यानंतर त्या यारीत कोणाचा हात गेल्याचं मी ऐकलं नाही. तू इतका शहाणा होतास, आणि आयेपुढे इतका मुका का, हेच मला उमगत नव्हतं.

मग तू गेलास. तुला घाटावर नेलं. आम्हां बायकांना तिथवर यायचं नसतं, मी वळणापर्यंत आले. दगडूनं खांदा बदलला नाही, असं मास्तरांनी सांगितलं. कापड्याला निरोप गेला, पण आयेच्यानं आता चालवत नाही, आणि गाडी जुंपून आणेपर्यंत तुला ठेवणार किती? ती आली नाही. मी वळणावर उभी राहून नदीकडचा धूर बघत होते, आणि मनात पहिला विचार काय आला सांगू? लाज वाटते, पण आला. ज्या गळ्याची शपथ घातलीस तो गळा आता राहिला नाही. मी सुटले. आता मी आयेला सांगणार.

दहाव्याचं उरकल्यावर दगडू मागच्या दारानं आला. पडवीच्या पायरीवर बसला, वर येईना. मी पाण्याचा तांब्या आणला तर घेईना.

"आक्का, तू आता आयेला समदं सांगनार, व्हय ना?" म्हणाला.

"सांगणार."

"मग माझं बी सांग."

"तुझं काय?"

तो खाली बघत बोलत राहिला. "मी इचारलं नाय, आक्का. 'हां?' म्हनून इचारायचं असतं. मुकादम वरडत व्हता, पानी उतरत व्हतं. मी बघितलं बी नाय नि दांडा रेटला. मग तो वरडला." त्यानं हातानं तोंड पुसलं. मग म्हणाला, "दवाखान्यात न्हेताना गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. म्हनला, दगड्या, मी प्यालेला व्हतो असं म्हनलं का फुडं कुनी इचारनार नाय. पाय लागला म्हनलं, तर मी वाकल्यावर चाक कुनी फिरवलं, ते इचारतील. तुला काडून टाकतील. वर पोलीस. मी म्हनलो, अरे, समद्यांनी बघितलंय. तो म्हनला, समद्यांना मी सांगतो. तू गप ऱ्हा."

म्हणजे एजंटाच्या हसण्याचं काही नव्हतंच. मी इतकी वर्षं ज्या लाजेशी भांडत होते ती लाज तुला कधी नव्हतीच. मला तू खरं सांगितलंस, पण अर्धं. पाय लागला, वाकलो, चाक फिरलं. चाक फिरलं! जसं काही ते वाऱ्यानं फिरलं. आणि मी, जिला तू वकील म्हणायचास, तिनं एकदाही विचारलं नाही की ते कोणी फिरवलं; दुसऱ्या दांड्याशी कोण असतं हे तर तूच मला दाखवलं होतंस.

दगडू म्हणाला, "डाक्तरनं काडलेली त्याची बोटं मीच रुमालात बांधून सावित्रीच्या पान्यात सोडली. त्यानंच सांगितलं व्हतं, कुत्र्यांच्या म्होरं नको टाकू." तांब्या माझ्या हातातच होता. तो त्याच्या डोक्यात घालावा इतका संताप आला. याच्या घाईपायी तुझा हात गेला, तुझं नाव गेलं, आई तुटली, आणि हा तिच्या अंगणात लाकडं फोडून शाबासकी घेत बसला! पण त्याच वेळी हेही दिसत होतं की हा माणूस आपल्या पायांनी आलाय आणि सांगतोय, माझं बी सांग. मी तांब्या त्याच्यापुढे ठेवला आणि आत निघून गेले. बाहेर तो पाणी प्याला की नाही, मी पाहिलं नाही.

रात्रभर तुझ्याशीच भांडले. अरे, मित्राला वाचवलंस ते वाचवलंस, पण आईचा जीव असा जाळायचा? तुझं तुला काही वाटलं नाही? मग वाटलं, वाटलं असणारच. आयेला कळलं असतं तर तिनं दगडूला दारात उभं केलं नसतं. आणि दगडू नसता तर त्या खाचरात नांगर कोणी धरला असता? तू? एका अंगठ्यानं? तुला ते गाडीतच दिसलं होतं की नंतर शिमग्याला तिच्या हातचं जेवताना दिसलं, हे मला कधी कळणार नाही. तुझा राग येतो, आणि असा भाऊ मला मिळाला म्हणून ऊर भरून येतो, आणि दोन्ही एकदम येतं तेव्हा काय करायचं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

परवा कापड्याला गेले ती ठरवून गेले, सगळं सांगायचं. दगडूचंही. त्यानंच सांगितलंय, मग मी कोण झाकणारी? आये पडवीत वाल निवडत बसली होती. तू गेल्याचं कळलं तेव्हापासून रडली नाही, असं चुलतभावजयीनं मला वाटेतच सांगितलं. खाली खळ्यावर भाताची झोडणी चालली होती. आपलं भात, आणि झोडणारा दगडू.

मी टेकले आणि म्हटलं, "आये, म्हादूनं दारू घेतली नव्हती गो. त्या दिवशी नाय, कवाच नाय."

तिनं मान वर केली नाही. "मेल्यावर सगळ्यांचीच पोरं चांगली असतात."

मग मी सांगितलं. पडाव, ओहोटी, ओला दगड. मुकादमानं ओतलेली बाटली, तू थुंकलेला घोट. ती वाल निवडत राहिली. पाय लागल्याचं सांगितलं तेव्हा तिचे हात थांबले.

"पाय लागला?"

"व्हय."

"चाकाला?"

"व्हय. म्हनून वाकला. शिवायला."

तिनं सूप बाजूला सारलं. "मीच शिकवलं त्याला," म्हणाली. "रांगायचा थांबला नि चालाया लागला, तवाच शिकवलं. पाय लागला का वाकायचं. मीच." आणि मग, "देवीनं हात घेतला म्हनत बसले. पोरानं आनलेलं पानी नाय प्याले मी."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो झटकून माझ्याकडे सरळ बघितलं. तुला तिची ती नजर ठाऊक आहे.

"तो वाकला, तवा चाक कुनी फिरवलं?"

म्हादू, तिला हे विचारायला एवढासुद्धा वेळ लागला नाही. जे मला सुचलं नाही ते तिला लगेच सुचलं. आणि खळ्यावरची झोडणी थांबली. पडवीपासून खळं ते असं कितीसं लांब! दगडू हातात पेंढी धरून उभा होता, आमच्याकडे तोंड करून. मी सांगेन याची वाट बघत. मला वाटतं, मी सांगितलं असतं तर तो सुटला असता.

मी आयेच्या हातांकडे पाहिलं. सुरकुतलेले, वालाच्या सालांनी माखलेले. शेतात जायचं बळ नसलेले.

"महाडचा व्हता कुनीतरी," मी म्हटलं. "नाव नाय ठाव. मागनं मुंबईला गेला तो."

"त्याला ठाव हाय का, माझ्या पोरानं त्याच्यापायी काय सोसलं?"

"ठाव हाय."

"मग येकदा माझ्या म्होरं येऊन उभा का नाय ऱ्हायला?"

मी तिच्या सुपातले वाल निवडायला घेतले. तिला उत्तर नको असावं. ती भिंतीला धरून उठली, पडवीच्या कडेला गेली आणि हाक मारली, "दगडू! ये रे, भाकर खाऊन घे." तो आला. हातपाय धुतले, तू बसायचास तिथे बसला. आयेनं भाकरी त्याच्या पानात ठेवली, वर वालाचं कालवण घातलं. त्याचा हात पानाकडे जाईना.

आये त्याच्यासमोर बसली आणि मोठी बातमी सांगावी तशी म्हणाली, "आयकलंस का रे? माझा म्हादू प्यालेला नव्हता."

दगडू म्हणाला, "नाय, काकी. प्यालेला नव्हता."

मग ती रडली. तुझं नाव घेऊन, पदर तोंडाला न लावता, आळीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशी रडली. दगडूचा खांदा धरून रडली. तुझ्यावरचा तिचा सगळा राग गेला, म्हादू. तो जाताना मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. ते बघायला तू असायला हवा होतास, गाढवा.